सिंकथिंग: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

दोन संगणक आणि एक फोन यांच्यातल्या फायली एकसारख्या राहाव्यात म्हणून मी बरीच वर्षे एका क्लाउड सेवेचे पैसे भरत होतो, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. एके दिवशी एक जुना वैद्यकीय अहवाल सापडेना, म्हणून त्या सेवेच्या शोधपेटीत मी एका औषधाचे नाव टाकले आणि अहवाल लगेच समोर आला. फाईलच्या नावात ते औषध कुठेच नव्हते. ते होते स्कॅन केलेल्या पानावरच्या मजकुरात. म्हणजे माझी सगळी पाने तिकडच्या यंत्राने केव्हाच वाचून, शब्दांची सूची करून ठेवली होती. न वाचता मान्य केलेल्या अटींमध्ये मी याला संमती दिलेली असणारच, त्यामुळे फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. पण सोय आवडली त्याच क्षणी ती खटकलीही. त्याच आठवड्यात मी सिंकथिंग बसवले आणि आता ११ महिने माझे रोजचे काम त्याच्यावरच चालले आहे.

सिंकथिंग हे मुक्त स्रोत (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि वापरता येतो असे) सॉफ्टवेअर २०१३च्या अखेरीस पहिल्यांदा बाहेर आले आणि त्याची १.० आवृत्ती १ जानेवारी २०१९ रोजी आली. ते गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असून मोझिला सार्वजनिक परवान्याखाली मिळते. त्याची कल्पना अशी की तुमची उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात आणि ठरवून दिलेले फोल्डर सर्वत्र सारखे ठेवतात. मध्ये फाईल साठवणारा कोणताही सर्व्हर नसतो. खाते उघडायचे नाही, ई-मेल पत्ता द्यायचा नाही, जागेची मर्यादा तुमच्या डिस्कएवढी. ऐकायला हे फारच सरळ वाटते, आणि पहिल्या आठवड्यात मलाही तसेच वाटले होते.

खात्याच्या जागी इथे उपकरणाची ओळख असते. प्रत्येक उपकरण सुरुवातीलाच स्वतःसाठी एक प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, तयार करते आणि त्या प्रमाणपत्राच्या शा-२५६ हॅशपासून, म्हणजे गणिताने काढलेल्या ठशापासून, सात-सात अक्षरांचे आठ गट असलेली एक लांबलचक ओळख बनते. एका यंत्रावर दुसऱ्याची ओळख टाकायची, दुसऱ्यावर पहिल्याची मान्य करायची, मगच संबंध जुळतो. एकतर्फी काहीच होत नाही. फोनवर क्यूआर कोड असल्यामुळे टंकनाचा त्रास वाचतो, पण पहिल्या दिवशी मी ती ओळख हाताने टाकून पाहिली आणि एक अक्षर चुकताच ती नाकारली गेली, कारण तिच्यात पडताळणीची अक्षरे गुंफलेली आहेत. अशा छोट्या जागी घेतलेली काळजी पाहिली की पुढच्या बाबतीत विश्वास बसू लागतो.

रोजच्या वापरात सिंकथिंग दिसतच नाही, आणि हीच त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. लॅपटॉपवर टिपण जतन केले की बदल गोळा करायला ते साधारण दहा सेकंद थांबते आणि मग टेबलावरच्या संगणकावर तेच टिपण ताजे होते. मोठ्या फाईलचे ते तुकडे पाडते आणि बदललेले तुकडेच पाठवते, त्यामुळे कित्येक जीबींच्या आभासी डिस्कमधला एक कोपरा बदलला तर सगळी फाईल पुन्हा ओतली जात नाही. घरच्या वाय-फायवर हा वेग मला कोणत्याही क्लाउड सेवेकडून कधी मिळालेला नव्हता, कारण इथे फाईल शेजारच्या खोलीत जाण्यासाठी आधी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येत नाही.

मात्र मध्ये कोणी नाही याचा दुसरा अर्थ असा की दोन्ही यंत्रे एकाच वेळी जागी असली पाहिजेत. रात्री लॅपटॉप मिटवला आणि सकाळी संगणक चालू केला, तर संगणकाला कालचीच फाईल दिसणार. पहिल्या महिन्यात दोनदा जुन्याच मसुद्यावर काम करून मी तासभर वाया घालवला. शेवटी एक रास्पबेरी पाय (तळहातावर मावणारा छोटा संगणक; पुढे त्याला नुसते ‘पाय’ म्हटले आहे) विकत घेतला, त्याला बाहेरची डिस्क जोडली आणि तो अहोरात्र चालू ठेवला. तेव्हापासून हा प्रश्न सुटला, पण थोडक्यात पाहता मी माझाच एक सर्व्हर चालवू लागलो होतो. त्याचे अद्ययावतीकरण, त्याची डिस्क, वीज गेल्यावर तो पुन्हा नीट उठला की नाही, ही सगळी उस्तवार आता माझ्याकडे आहे.

या सगळ्यात माझ्या हातून झालेली मोठी चूक सविस्तर सांगायलाच हवी, कारण सिंक (फायली सर्वत्र सारख्या ठेवणे) आणि बॅकअप (वेगळी राखीव प्रत) यांतला फरक मला माहीत होता आणि तरीही ती झाली. चौथ्या महिन्यात फोनची जागा भरली. कॅमेऱ्याचा फोल्डर संगणकावर आणि पायवर नीट उतरला आहे याची खात्री करून मी फोनवरची सुमारे १८०० जुनी छायाचित्रे निवडली आणि पुसली. फोनला हलके वाटले, मलाही. संध्याकाळी संगणकावर तोच फोल्डर उघडला तर तिथेही तेवढीच छायाचित्रे गायब. सिंकथिंगने त्याचे काम चोख केले होते: फोल्डर सर्वत्र सारखा ठेव, असे मीच त्याला सांगितले होते, आणि पुसणे हाही एक बदलच असतो. क्लाउड सेवांची ‘फोनवरून हटवा, आमच्याकडे राहील’ ही सवय माझ्या बोटांत भिनलेली होती.

वाचलो ते केवळ योगायोगाने. पाय बसवताना मी त्याच्यावर त्या फोल्डरसाठी ‘कचरापेटी’ पद्धतीचे आवृत्ती-जतन सुरू केले होते, त्यामुळे पुसलेली छायाचित्रे तिथल्या .stversions या लपलेल्या फोल्डरात शाबूत होती. सिंकथिंगच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या नियंत्रण-पानावरून ती परत आणली, आणि हुश्श करून बसतो तोच फोन पुन्हा भरू लागला, कारण परत आलेली छायाचित्रे अर्थातच फोनलाही पोचती होत होती! इथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आवृत्त्या जपण्याची सोय ज्या यंत्रावर सुरू केली त्याच यंत्रापुरती असते, आणि तीही दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांसाठीच. तुम्ही त्याच यंत्रावर बसून स्वतः फाईल बिघडवली किंवा पुसली, तर तिथे जुनी प्रत ठेवली जात नाही. आता मी दर महिन्याला छायाचित्रे सिंकबाहेरच्या संग्रहात नकलून घेतो, मग फोन रिकामा करतो, आणि तो संग्रह एका वेगळ्या डिस्कवर स्वतंत्र बॅकअप साधनाने उतरवतो.

परस्परविरोधी बदलांचे प्रकरण त्यामानाने सौम्य निघाले. माझे सर्व पासवर्ड कीपासएक्ससीच्या एका फाईलमध्ये असतात. एकदा प्रवासात फोनवर एक नोंद बदलली आणि फोन जोडला जाण्याआधीच लॅपटॉपवर दुसरी नोंद बदलली. परत आल्यावर फोल्डरात मूळ फाईलशेजारी ‘sync-conflict’, तारीख, वेळ आणि उपकरणाच्या ओळखीची पहिली अक्षरे असे शेपूट लावलेली आणखी एक फाईल बसलेली दिसली. ज्या प्रतीची बदल-वेळ जुनी असते तिचे नाव सिंकथिंग असे बदलते आणि दोन्ही प्रती ठेवते; शहाणपणाचा आव आणून त्यांची मोडतोड करत नाही. कीपासएक्ससीमध्ये दोन डेटाबेस एकत्र करण्याची सोय असल्यामुळे दोन मिनिटांत काम झाले. मात्र अशी सोय नसलेल्या फायलींच्या बाबतीत हे निवडणे तुमच्याच डोक्यावर येते, आणि अशी फाईल तयार झाली आहे हे आपण फोल्डर उघडेपर्यंत कळत नाही.

फाईलच्या नावातला विसर्गासारखा दिसणारा अपूर्णविराम, म्हणजे कोलन, लिनक्सला चालतो आणि विंडोजला चालत नाही. वेळ नावात घालणाऱ्या एका रेकॉर्डरमुळे माझा एक फोल्डर आठवडाभर ९९ टक्क्यांवर अडकून होता. नावे बदलली, प्रश्न मिटला.

फोनची बाजू अधिक नाजूक आहे. अधिकृत अँड्रॉइड ॲपची शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि तो प्रकल्प थांबला. प्ले स्टोअरवर ॲप प्रसिद्ध करणे जिकिरीचे होत गेले होते आणि देखभालीला पुरेसे हात नव्हते. मी सुरुवातीपासूनच सिंकथिंग-फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून इतरांनी बनवलेले ॲप, वापरतो आणि ते व्यवस्थित चालते, फक्त फोनच्या बॅटरी-बचतीतून त्याला वगळावे लागते, नाहीतर पडदा बंद होताच अँड्रॉइड त्याला झोपवते. मुक्त परवान्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो. ॲप बंद पडले, पण कोड कोणाच्या तिजोरीत अडकला नाही. दुसऱ्यांनी तो उचलला आणि चालता ठेवला. अर्थात मोजक्या लोकांच्या फावल्या वेळावर आपल्या फायलींची वाहतूक अवलंबून असणे ही काही निर्धास्त होण्याजोगी गोष्ट नव्हे, आणि कोड उघडा आहे म्हणजे तो कोणी बारकाईने तपासलेलाच असतो असेही मानू नये. मी स्वतः त्यातली एक ओळही तपासलेली नाही.

आता ज्या कारणासाठी हा खटाटोप केला त्या गोपनीयतेविषयी. यंत्रांमधली वाहतूक टीएलएसने (ब्राउझरही वापरतात त्या सुरक्षा-पद्धतीने) कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते. थेट जोडणी होत नसेल तेव्हा स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिले सर्व्हरमधून ती जाते. रिलेला आयपी पत्ते (इंटरनेटवरचे उपकरणांचे पत्ते) आणि किती डेटा गेला हे कळते, आतला मजकूर कळत नाही. पण उपकरणांनी एकमेकांना शोधावे कसे, यासाठी एक जागतिक शोध-सर्व्हर असतो आणि त्याच्याकडे तुमची ओळख व तुमचा सध्याचा पत्ता यांची नोंद होते. ज्याला तुमची ओळख ठाऊक आहे तो त्या सर्व्हरला तुमचा आयपी पत्ता विचारू शकतो. प्रकल्पाच्या दस्तऐवजांत हे स्पष्ट लिहिलेले आहे, कुठेही दडवलेले नाही, तरीही ‘सर्व्हर नाही म्हणजे कोणाला काहीच कळत नाही’ असे समजणारे पुष्कळ भेटतात. मी जागतिक शोध आणि रिले दोन्ही बंद ठेवले आहेत. स्थानिक जाळ्यातला शोध तेवढा चालू असतो. बाहेर असताना सिंक होत नाही, आणि घरी आल्यावर होते हे मला पुरते. ज्यांना बाहेरूनही हवे असेल त्यांना स्वतःचे व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्याचा खासगी मार्ग, उभारता येईल, पण तो आणखी एक व्याप झाला.

दुसरे असे की सिंकथिंग वाटेवर कुलूप लावते, घरात नाही. लॅपटॉपच्या डिस्कवर फायली उघड्याच असतात. क्लाउड सोडल्यानंतर माझ्या कागदपत्रांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची जागा म्हणजे माझीच पाठपिशवी, हे उमगायला मला तीन महिने लागले. मग लिनक्स पुन्हा बसवून संपूर्ण डिस्क कूटबद्ध केली. ती न करता केवळ क्लाउड सोडून समाधान मानणे म्हणजे मागचे दार सताड उघडे ठेवून पुढच्या दाराला कडी घालणे होय.

घराबाहेर एक प्रत असावी म्हणून मित्राच्या संगणकावर ‘कूटबद्ध स्वीकार’ प्रकारचा फोल्डर ठेवला आहे. त्याच्या डिस्कवर निरर्थक नावांच्या फायली दिसतात. त्यांचे आकार आणि बदलाच्या वेळा यांचा अंदाज त्याला येऊ शकतो, मजकूर आणि नावे कळत नाहीत. “तुझं हे गूढ बाड नेमकं किती जीबी वाढणार आहे ते तरी सांग,” एवढीच त्याची अट आहे. ही सोय अजून चाचणीच्या टप्प्यात असल्याचे दस्तऐवजांत म्हटलेले आहे, म्हणून ती माझी एकमेव बाहेरची प्रत नाही.

इतरांना एखादी फाईल पाठवण्यासाठी मात्र सिंकथिंग घेऊ नये. ताईला एक मोठा व्हिडिओ द्यायचा होता तेव्हा तिच्या संगणकावर ते बसवून, ओळखी जुळवून देण्याचा उत्साह मी दाखवला, अर्ध्या तासाने ती म्हणाली, “अरे, एक लिंक पाठवता येत नाही का तुला?” तिचे बरोबर होते. अशा कामासाठी मोझिलाची फायरफॉक्स सेंड ही दुव्याने फाईल पाठवण्याची सेवा उत्तम होती: फाईल ब्राउझरमध्येच कूटबद्ध होई आणि किल्ली दुव्यातल्या # चिन्हानंतर असे, जो भाग ब्राउझर सर्व्हरला कळवतच नाही. पण हीच गुप्तता घातक फायली पसरवणाऱ्यांनाही मानवली आणि मोझिलाने २०२०मध्ये ती सेवा बंद केली. सध्या मी जाणत्या मित्रांसाठी मॅजिक वर्महोल वापरतो, ज्यात दोन-तीन शब्दांचा एकदाच चालणारा संकेत फोनवरून सांगितला की फाईल जाते. ताईसाठी फाईल आधी कूटबद्ध करतो, साध्या क्लाउडवर चढवतो आणि पासवर्ड तोंडी सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने फायलींच्या नोंदी ठेवणारा आतला डेटाबेस बदलून एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस आणला. पायवर पहिल्या वेळी जुन्या नोंदींचे रूपांतर होताना नियंत्रण-पान इतका वेळ उघडेना की मी दोनदा वायर उपटायच्या बेतात होतो. उपटली नाही, आणि चहा संपेपर्यंत ते उठले. ज्याला असा धीर नाही, किंवा ज्याच्याकडे एकच संगणक आणि एकच फोन आहे, त्याने पैसे भरून एखादी टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेली, म्हणजे सेवा देणाऱ्यालाही फायली वाचता न येणारी, क्लाउड सेवा घ्यावी असे मी मोकळेपणाने सांगतो. माझे जुने खाते मी गेल्या महिन्यात रिकामे केले. अटींनुसार सूचीतून ती पाने कधी जातील याची तारीख कुठेच दिलेली नव्हती, म्हणून बंद करण्याआधी शेवटचे एकदा त्या औषधाचे नाव शोधले. उत्तर आले, ‘काही सापडले नाही’.