बिस्मार्क, १/३५०: सात महिन्यांनंतर

'बिस्मार्क' या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन युद्धनौकेचं हे १/३५० मापाचं प्लास्टिक मॉडेल किट. लांबी बरोबर आहे, एवढ्यावर ते घ्यायचं ठरवू नका. खरं जहाज २५१ मीटर लांब आणि ३६ मीटर रुंद. ३५०ने भागलं की ७१७ आणि १०३ मिमी. हातातला व्हर्नियर कॅलिपर १५० मिमीपर्यंतच जातो, म्हणून हल (जहाजाचं धड) सपाट फरशीवर ठेवून दोन्ही टोकांना गुण्या लावायचा आणि मीटरची स्टील पट्टी वापरायची. लांबी ७१५ भरते, रुंदी १०३. दोन मिमीची तूट डोळ्याला कळतही नाही. खरी गडबड वेगळीच आहे: हे जहाज नेमकं कुठल्या दिवशीचं, तेच किटला ठरवता आलेलं नाही.

बॉक्सवर काळे-पांढरे पट्टे आहेत आणि आत 'हूड' या ब्रिटिश युद्धनौकेशी झालेल्या लढाईचं नाव. पट्टे बाल्टिक समुद्रात असतानाचे. २१ मे १९४१ला नॉर्वेच्या किनाऱ्यावर त्यांच्यावर करडा रंग मारला गेला आणि 'हूड' बुडालं ते २४ मेला. दोन्हींपैकी एकच निवडा.

तोफांच्या चारही मुख्य बुरुजांना कानांसारखे बाहेर आलेले रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) दिलेत. सगळ्यात पुढच्या 'अँटन'वरचा रेंजफाइंडर १९४१च्या मोहिमेआधीच काढला होता. तिथले कान कापा, भोकांवर ०.२५ मिमी प्लास्टिकार्ड (पातळ प्लास्टिकचा पत्रा) चिकटवा, पुट्टी लावून ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. १०.५ सेंमीच्या आठही जोडतोफा एकसारख्या आहेत. प्रत्यक्षात पुढच्या चार आणि मागच्या चार वेगळ्या नमुन्याच्या होत्या. हा दोष किटच्या भागांतून दुरुस्त होत नाही, वेगळा सेट घ्यावा लागतो. स्प्रूवरच्या (भाग जोडलेल्या प्लास्टिक चौकटीवरच्या) टॉर्पेडो नळ्या बघून हुरळून जाऊ नका, त्या 'टिर्पिट्झ' या जुळ्या जहाजाच्या. साचा दोघांचा एक, म्हणून आल्या. सुट्या भागांच्या डबीत टाका.

जाडीचं गणितही करून बघा. प्लास्टिकचं रेलिंग ०.५ मिमी, म्हणजे खऱ्या जहाजावर साडेसतरा सेंटिमीटर! खांब नव्हे, खुंटच. इथे फोटो-एच (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेलं) पितळी रेलिंगच हवं. ३८ सेंमीच्या तोफेचं तोंड या मापात १.१ मिमीचं भरतं, पण किटमधल्या नळ्या भरीव आहेत; सुईने खूण करून १ मिमी ड्रिल हाताने फिरवा. मशीनने नळी फाटते.

हलचे दोन अर्धे आतून वाकलेले येतात. आत पाच ठिकाणी आडवी पट्टी टाकल्याशिवाय डेक बसत नाही, मध्ये फट राहते.

आता इथल्या, सोलापूरच्या हवापाण्याची बाजू. एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक एअरब्रशच्या टोकावरच वाळतं, तेव्हा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला आणि फवारणी पहाटे उरका. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यावर धरतो, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात पितळेला पकड यायला वेळ लागतो. शेजारी ओला कपडा ठेवला की फरक पडतो. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) बोअरच्या जड पाण्यात भिजवले तर कडेला पांढरे डाग उरतात, बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरा. आणि घरचा सोलापुरी टॉवेल कितीही प्रिय असला तरी रंगवलेल्या हलला लावू नका. त्याचा तंतू करड्या रंगावर दोरखंडासारखा दिसतो.

सात महिन्यांत निखळलं ते एवढंच: मागच्या डोलकाठीची आडवी काठी. तिथे प्लास्टिकऐवजी ०.३ मिमी पितळी तार सुरुवातीलाच लावा.