नऊ महिने, तीन मशाली आणि पावणेआठची एसटी : शॅडोडार्क वापरल्यानंतर

शॅडोडार्क हा फासे टाकून, आपापले पात्र रंगवत टेबलाभोवती खेळायचा खेळ. त्यातला माझ्या भाच्याचा चौथा जादूगार गेल्या रविवारी मेला. त्याला कोणत्याही राक्षसाने नव्हे, तर मामीच्या घावनांनी मारले, असे भाच्याचे ठाम म्हणणे आहे.

शॅडोडार्कमध्ये मशाल एक तास जळते आणि तो तास खेळातला नसून आपल्या भिंतीवरच्या घड्याळातला असतो. आम्ही वेंगुर्ल्यात आमच्या पडवीत खेळत होतो, बाहेर आषाढाचा पाऊस कोसळत होता आणि नारळाच्या रसात बुडवलेले घावन प्रत्येकाच्या हातात असतानाच मोबाइलचा गजर वाजला. खेळातल्या भुयारात अंधार झाला. खेळ चालवणारा म्हणून मी नियमाप्रमाणे सहा बाजूंचा फासा टाकला, त्यावर नेमका एक पडला, म्हणजे काहीतरी अंगावर येणार, आणि दुसरी मशाल पेटायच्या आत तीन हिट पॉइंटांचा, म्हणजे तीनच जीवनगुणांचा, तो जादूगार एका पिशाचाच्या तावडीत सापडला. खाताना वेळ मोजायचाच कशाला, ही भाच्याची तक्रार. तिच्यात तथ्य किती, हे ठरवायला बसलो तेव्हा लक्षात आले की गेल्या ऑक्टोबरपासून या खेळाविषयीचे माझेच मत दोनदा बदललेले आहे.

आधी आम्ही इकडे का आलो ते थोडक्यात सांगतो. आमचा सहा जणांचा गट ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या याच प्रकारच्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेला. जानेवारी २०२३ मध्ये त्याचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या, मूळ प्रकाशकांच्या नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला, आणि २००० सालापासून ज्या खुल्या परवान्याच्या भरवशावर लहान प्रकाशकांनी संसार थाटले होते तोच रद्द होणार, वर ७.५ लाख डॉलरांपुढच्या वार्षिक उत्पन्नावर २५ टक्के स्वामित्वधन द्यावे लागणार, असे दिसू लागले. ओरड इतकी झाली की २७ जानेवारीला प्रकाशकांनी माघार घेतली, जुना परवाना तसाच ठेवला आणि नियमांचा मूळ गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सर्वांना मोकळा करून दिला. मात्र एकदा जमीनमालकाने कुळाला घर खाली करायची नोटीस पाठवली की ती मागे घेतली तरी कूळ दुसरीकडे जागा बघू लागतेच. कोबोल्ड प्रेस या प्रकाशकाने ‘टेल्स ऑफ द व्हॅलियंट’ हा स्वतःचा खेळ काढला, पायझो या दुसऱ्या प्रकाशकाने आपला पाथफाइंडर हा खेळ जुन्या परवान्यातून सोडवून नव्याने छापला, आणि केल्सी डायोन या लेखिकेच्या शॅडोडार्कला मार्च २०२३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर १३ लाख डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. आम्ही मात्र तत्त्वासाठी नव्हे, तर फुकट मिळते म्हणून वळलो, हे कबूल केलेले बरे.

खेळाडूसाठी एक आणि खेळ चालवणाऱ्यासाठी एक, अशा दोन प्रारंभिक पुस्तिका पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्या पाठपोट छापून स्पायरल बाइंडिंगसकट २६० रुपयांत घेतल्या. तेवढ्यावर आम्ही तीन महिने खेळलो आणि मी आजही कोणालाही हेच सांगेन. मूळ पुस्तक मागवण्याची दुर्बुद्धी मला जानेवारीत झाली. पुस्तकाच्या किमतीविषयी तक्रार नाही. मात्र कुरिअरवाल्याने सीमाशुल्काच्या वर ‘हाताळणी शुल्क’ म्हणून जी रक्कम दारात मागितली, तिची पावती मी दोनदा मागूनही मिळाली नाही, आणि हाताळणी म्हणजे नेमके काय केले हे पुस्तकाच्या चेपलेल्या कोपऱ्यावरूनच मला समजले.

आता मशालीकडे येतो, कारण माझे सारे म्हणणे तिच्याविषयीच आहे. बाकी नियम चांगले आहेत, एवढ्यावर ते सोडून दिले तरी चालेल.

पहिले दोन-तीन महिने मला ही क्लृप्ती निव्वळ दिखाऊ वाटत असे. कोकणातल्या घरात रविवारी संध्याकाळी तासभर कोणी अडथळा आणणार नाही, ही कल्पनाच मुळात घाटावरची आहे. शेजारचे काका आंब्याच्या फवारणीचे औषध विचारायला येतात, कोणाची तरी आई फोनवर असते, मांजर फाशांवर बसते. प्रत्येक वेळी गजर थांबवायचा की नाही यावरच वाद होत असे, म्हणून ‘घड्याळ थांबणार नाही’ असे आम्ही ठरवून टाकले आणि त्यानंतर पाहुण्यांशी धड बोलणेही अवघड झाले. रेडीचा आमचा खेळाडू एकदा खुद्द माझ्या थोरल्या बहिणीला म्हणाला, “मावशे, चाय मागीर, आधी मशाल!” तिने ते अजून विसरलेले नाही.

मत बदलले ते जानेवारीच्या शेवटी, आणि त्याचे श्रेय एसटीला आहे. आमच्यातले तिघे शिरोडा-रेडीकडचे. त्यांना सोयीची शेवटची गाडी पावणेआठची. पाचव्या आवृत्तीत पात्रे सातव्या-आठव्या पातळीला पोहोचल्यावर एकेक लढाई दीड-दीड तास चालायची. प्रत्येकाच्या पाळीला तीन-तीन प्रकारच्या कृती, त्यातल्या दोन विसरलेल्या, मग पुस्तकात शोधाशोध. गाडी चुकायची आणि रिक्षाचे सहाशे रुपये चौघांत वाटून भरावे लागायचे, कारण लांबलेल्या लढाईचा दोष माझा मानला जाई. दोन वर्षांत रिक्षावर गेलेल्या पैशांत शॅडोडार्कचे पुस्तक हाताळणी शुल्कासकट आले असते. एका रविवारी साडेसातला सगळे चपला घालू लागले तेव्हा मला जाणवले की ऑक्टोबरपासून एकदाही गाडी चुकलेली नाही. साडेचारला पहिली मशाल पेटते, साडेसातला तिसरी विझते, आणि विझायच्या आत भुयाराबाहेर पडायचे हे खेळाडूंनी आपणहून अंगी बाणवून घेतले आहे. दुसरी मशाल अर्धी झाली की कोणीतरी परतीची भाषा काढतोच. पूर्वी मी घसा कोरडा करून “चला, आवरा” म्हणत असे. आता ते काम गजर करतो.

तरीही केवळ घड्याळामुळे हे घडते, असे समजून कोणी हाच नियम उचलून पाचव्या आवृत्तीला चिकटवील, तर तो फसेल. आम्ही फेब्रुवारीत एकदा जुन्या पात्रांवर तसा प्रयोग करून पाहिला. एका खेळाडूने कितीही वेळा वापरता येणारा प्रकाशाचा मंत्र टाकला, उरलेल्यांपैकी निम्म्यांना वंशानेच अंधारात दिसत होते, आणि गजर वाजला तेव्हा कोणी मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. शॅडोडार्कने या वाटा एकेक करून बुजवल्या आहेत. खेळाडूंच्या पात्रांपैकी कोणालाही अंधारात दिसत नाही. प्रकाशाचा मंत्र आहे, पण तोही खरा एकच तास टिकतो, आणि टाकताना फासा चुकला तर विश्रांती घेईपर्यंत तो मंत्र हाताशी राहत नाही. पूर्ण अंधारात प्रत्येक फेरीला काही अंगावर येते का, यासाठी फासा पडतो. आणि मशाली वाटेल तेवढ्या नेता येत नाहीत, कारण सामान ठेवायला जागा म्हणजे तुमच्या ताकदीचा आकडा किंवा १०, यांतला मोठा असेल तेवढीच. प्रत्येक मशाल त्यातली एक जागा अडवते. मशालीची किंमत जेमतेम पाच चांदीची नाणी, पण ती खरी महाग पडते ती या जागेमुळे.

यावर कडी म्हणजे राक्षस मारून पातळी वाढवणारे अनुभवगुण मिळतच नाहीत. ते मुख्यतः मिळतात खजिना मिळवला की. त्यामुळे मार्चमध्ये आमच्या पडवीत जे दृश्य दिसले ते मी विसरणार नाही. शिरोड्याचा खेळाडू एका पाण्याने भरलेल्या तळघरात चांदीची मूर्ती छातीशी धरून उभा, त्याच्या दहाही जागा भरलेल्या, गजराला अठरा मिनिटे बाकी. मूर्ती घ्यायची तर दोर टाकावा लागणार, नाहीतर राखीव मशाल. दोर टाकला तर विहिरीतून वर कसे यायचे, मशाल टाकली तर विहिरीपर्यंत तरी कसे पोहोचायचे? त्याने कागदावरची ‘मशाल’ खोडली, पुन्हा लिहिली, मग शिधा खोडला, आणि या हिशेबात सात मिनिटे गेली. ती सात मिनिटे खरोखर जळून गेली, हे त्याला कळत होते आणि म्हणूनच तो घामेजला होता. चार वर्षांत पाचव्या आवृत्तीतल्या कोणत्याही ड्रॅगनने त्याला इतके घाबरवल्याचे मला आठवत नाही.

मूर्ती आली, तो उपाशी परतला.

दोष नाहीत असे नाही. पहिल्या पातळीच्या जादूगाराला चार बाजूंच्या फाशावर जे येतील ते आणि काटकपणाच्या आकड्यावरून मिळणारी भर, एवढेच हिट पॉइंट, त्यामुळे भाच्याचा संताप मी समजू शकतो. शून्यावर गेल्यावर चार बाजूंचा फासा आणि काटकपणाची भर मिळून जेवढ्या फेऱ्या येतील तेवढाच श्वास उरतो. त्या काळात वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले किंवा सोबत्याने येऊन सावरले तर जीव वाचतो. पातळी वाढल्यावर मिळणारे कौशल्य दोन फाशांवर ठरते, आपल्या निवडीने नव्हे. ज्याला आपले पात्र तीन-तीन महिने आधी आखून ठेवायला आवडते, त्याने या वाटेला न जाता पाथफाइंडर घ्यावे. त्याचे नियम तर अधिकृतपणे फुकट वाचायला मिळतात. पाचवीच आवृत्ती हवी पण जुना मालक नको, अशांसाठी टेल्स ऑफ द व्हॅलियंट आहे. त्यातली ‘लक’ची तरतूद मला आवडली, कारण घाव किंवा बचाव फसला की एक गुण हाती येतो आणि हिरमुसलेला खेळाडू पुढच्या पाळीला पुन्हा सरसावून बसतो. आणि ज्यांना खिशाला अजिबात हात लावायचा नसेल त्यांनी २००७ पासून फुकट उपलब्ध असलेले बेसिक फँटसी छापून घ्यावे. तेथे मात्र मशालीचा वेळ खेळातल्या पाळ्यांनी मोजतात, आणि पाळ्या मोजायचे मी दर वेळी विसरतो.

खेळ चालवणाऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या पुस्तकात राक्षसाचे वर्णन दोन-चार ओळींत उरकलेले असते. सुरुवातीला मला ते अपुरे वाटले. मात्र ज्याने लहानपणापासून जत्रेत दशावतार पाहिला आहे, त्याला कथानकाचा सांगाडा ठरवून संवाद रंगमंचावरच रचायची रीत नवीन नाही. आमचा पिशाच तर दशावतारातल्या संकासुराच्याच ढंगात बोलतो आणि त्यावर कोणी हरकत घेतलेली नाही.

पुस्तकाचे म्हणाल तर जूनअखेरीस त्याच्या पुठ्ठ्यावर बुरशीची पांढरी नक्षी उमटली आणि पाने बांधणीपाशी लाटेसारखी फुगली. यात छपाईचा दोष नाही, आमच्या हवेत शाळेचे दाखलेसुद्धा टिकत नाहीत. ते आता कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले आहे आणि पडवीत पुन्हा २६० रुपयांचे स्पायरलच येते. हिशेब करणाऱ्याला एवढे पुरे.

राहिली भाच्याची तक्रार. घड्याळ थांबवायला मी नकार दिला, तेव्हा तो थेट मामीकडे गेला. तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि घावने यापुढे चार वाजता मिळतील, साडेचारनंतर स्वयंपाकघर बंद, असे सांगितले. पाचव्या जादूगाराला तीन फासे टाकून काटकपणा अवघा सात आला आहे. त्याने सामानात पाच मशाली घेतल्या आहेत.