लेगो टेक्निक हब ८८०१२ आणि त्याच्या मोटरी: स्वतःची रिमोट गाडी रचणाऱ्यांच्या नजरेतून

मोटरी उत्तम, हब (मोटरींना वीज आणि हुकूम देणारा बॅटरीचा डबा) अवजड आणि गाडी मोबाइलवरूनच हाकायची सक्ती वैतागवाणी. पण या सक्तीवर आता फुकटात उपाय आहे, म्हणून आमचं मत एकूण अनुकूल. पुस्तिका समोर ठेवून तयार सेट जोडणाऱ्यांना या परीक्षणाचा फारसा उपयोग नाही. चेसिसपासून सगळं स्वतः आखायचं आहे, गिअर स्वतः निवडायचे आहेत आणि गाडी चढावर का अडते हे समजून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलंय.

हबला चार पोर्ट, आत सहा पेन्सिल सेल, मोबाइलशी जोडणी ब्लूटूथने. कल ओळखणारा जायरोही आत आहे. त्यासोबतच्या दोन मुख्य मोटरी म्हणजे एल (८८०१३) आणि एक्सएल (८८०१४). दोन्हींच्या पोटात आपण किती अंश फिरलो हे सांगणारा सेन्सर असतो, आणि या सगळ्या संचाची खरी किंमत त्या सेन्सरमध्येच आहे.

ते का, हे स्टिअरिंगमध्ये दिसतं. जुन्या पॉवर फंक्शन्स मालिकेतली सर्व्हो मोटर (८८००४) मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना ९० अंश फिरायची, त्यापुढे नाही. आता हिशोब बघा. लेगोचे गिअर मॉड्यूल १चे (मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप), म्हणजे रॅकवरचा (चाकं वळवणाऱ्या दातेरी पट्टीवरचा) प्रत्येक दाता ३.१४ मिमीचा. आठ दात्यांचा पिनियन (रॅक सरकवणारा छोटा गिअर) ९० अंश फिरला की रॅक दोन दाते, म्हणजे ६.३ मिमी सरकतो. चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याचा हात पिव्होटपासून (वळण्याच्या बिंदूपासून) २ स्टड (लेगोचं माप, एक स्टड ८ मिमी), म्हणजे १६ मिमी असेल, तर चाक साधारण २३ अंश वळतं. रस्त्यावरच्या गाडीला एवढं पुरतं, क्रॉलरला (दगडधोंड्यांवरून हळू चढणाऱ्या गाडीला) नाही. पिनियन १२ दात्यांचा लावावा, तर त्याची त्रिज्या २ मिमीने मोठी. ८ मिमीच्या चौकटीत तो बसत नाही आणि रॅक उचलायला सगळी पुढची बाजू उसकटावी लागते. एल मोटरला मात्र ९०ऐवजी १३५ अंश फिर असं सांगितलं की काम झालं: रॅक ९.४ मिमी सरकतो, चाक ३६ अंश वळतं, एकही तुकडा बदलावा लागत नाही. जोर कमी पडला तर मध्ये १२:२०ची (१२ आणि २० दात्यांच्या गिअरांची) जोडी घाला आणि १३५च्या जागी २२५ अंश लिहा. फक्त ३० अंशांच्या पुढे युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळूनही फेरे पुढे नेणारा सांधा) झटके देत फिरतो, हे पुढच्या चाकांनाही ताकद देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सुरू होताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना अडेपर्यंत फिरवून मध्य शोधला जातो. इथे बहुतेक नव्या रचना फसतात. एका बाजूला रॅक अडतो आणि दुसऱ्या बाजूला टायर मडगार्डला घासून थांबतो, मग मध्य चुकतो आणि गाडी कायम एका अंगाला ओढते. दोन्ही टोकांना एल-आकाराच्या बीमचा (भोकं असलेल्या दांडीचा) पक्का अडथळा द्या. आणि हे तपासायचं ते चाकं जमिनीला टेकलेली असताना.

ताकदीच्या बाजूला एक्सएल मोटर बिनधास्त घ्यावी. भाराखाली ती मिनिटाला २०० फेरे देते असं धरलं, तर ८१.६ मिमी व्यासाच्या टायरवर सरळ जोडणीत ताशी ३ किमीचा वेग बसतो. ८:२४ची जोडी टाकली की ताशी १ किमी आणि तिप्पट जोर. ही ३:१ कुठे टाकायची यावर गाडीचं नशीब ठरतं. मोटरीच्या लगेच पुढे टाकली, तर वाढलेला सगळा जोर डिफरन्शियलमधल्या (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागातल्या) १२ दात्यांच्या छोट्या बेव्हल (तिरक्या दात्यांच्या) गिअरांवर आणि युनिव्हर्सल जॉइंटवर येतो. मग कट-कट आवाज सुरू होतो, आणि तरीही रेटत राहिलं तर दाते झिजतात. म्हणून शाफ्ट वेगाने फिरू द्यावा आणि रिडक्शन (वेग उतरवून जोर वाढवणारी जोडी) शेवटी, चाकापाशी घ्यावं. २०११च्या युनिमॉग सेटमधून (८११०) आलेले पोर्टल हब (चाकापाशीच गिअरांची जोडी असलेले चाकाचे तुकडे) त्यासाठीच शोधून मिळवावेत; शिवाय गाडीचं पोट जमिनीपासून वर जातं ते वेगळंच.

एक्सल ८ स्टडपेक्षा लांब ठेवू नका, पिळवटतो. सोडला की उलटा फिरतो आणि गाडी थांबताना उडी मारते. प्रत्येक गिअरच्या दोन्ही बाजूंना बीमचा आधार हवा, नाहीतर भार आला की दोन गिअर एकमेकांपासून सरकून दाते सटकतात. बुश (एक्सल सरकू नये म्हणून लावायचं कडं) मात्र एक्सलवर घट्ट दाबून बसवू नये, कागद सरकेल एवढी फट ठेवावी. एकेक टप्पा जोडला की मोटर लावण्याआधी हाताने फिरवून बघा. बोटाला जड लागलं तर मोटरीलाही जडच जाणार.

स्टुडिओ हे ब्रिकलिंकचं (लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं) फुकट सॉफ्टवेअर आखणीला चांगलं आहे. त्यात दोन गिअर एकमेकांत घुसलेले दिसले तर घाबरू नका, एकाला अर्धा दाता फिरवा: ८चा गिअर असेल तर २२.५ अंश, २४चा असेल तर ७.५. तुकड्यांची यादी तिथूनच थेट ऑर्डरच्या यादीत जाते. पण पडद्यावर सगळं ताठ दिसतं. चेसिस किती वाकेल हे ते सांगत नाही.

आता तक्रारी. हब मोठा आहे आणि सेलसकट जड आहे. छोट्या जीपच्या आत तो लपत नाही. म्हणून आधी हब ठेवा, शक्य तितका खाली, दोन आसांच्या मध्ये, आणि गाडी त्याच्याभोवती रचा; बॅटरीची बाजू चार-सहा पिना काढून मोकळी होईल अशी हवी. पॉवर फंक्शन्सचे प्लग एकावर एक चढवता यायचे, इथे ती सोय गेली. एका पोर्टला एकच मोटर, म्हणजे चार मोटरींवर विषय संपला.

सेलबद्दल लोक फार निष्काळजी असतात. ताजे अल्कलाइन सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट, रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड म्हणजे ७.२. वेग त्या प्रमाणात पाचव्या हिश्श्याने उतरतो. तरी आम्ही रिचार्जेबलच सुचवू, कारण भाराखाली त्यांचा व्होल्टेज फारसा पडत नाही. भिंतीवरच्या घड्याळात घालायचे झिंक-कार्बन सेल इथे चालत नाहीत. चढावर दोन्ही मोटरींनी जोर मागितला की व्होल्टेज कोसळतो आणि हब बंद पडून जोडणी तुटते. लोक मग ब्लूटूथला दोष देतात. चार्जर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, मात्र प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा मागा.

ॲपचं बघू. कंट्रोल प्लस ॲप ठरावीक सेटांसाठी आहे. स्वतःच्या गाडीला पॉवर्ड अप ॲपमध्ये ब्लॉक जोडून पडद्यावरची बटणं बनवावी लागतात. चालतं, पण काचेवर बोट ठेवून गाडी हाकताना नजर गाडीवर राहत नाही. हब सापडतच नसेल तर अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर लोकेशन चालू आहे का ते आधी बघा. वर म्हटलेला फुकट उपाय म्हणजे पायब्रिक्स. ब्राउझरमधून हबवर हे फर्मवेअर (हब चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) चढवायचं (मूळचं परत टाकता येतं), छोटा प्रोग्रॅम लिहून हबमध्येच साठवायचा आणि ८८०१० हा साधा बटणांचा रिमोट जोडायचा. नंतर मोबाइल लागतच नाही. त्या रिमोटची बटणं फक्त चालू-बंद ओळखतात, म्हणून बटण दाबून धरलं की वेग हळूहळू चढेल असं प्रोग्रॅममध्ये लिहा. एकदम पूर्ण वेग दिला की पुन्हा त्याच बेव्हल गिअरांवर घाव.

लेगोच्या हबऐवजी वापरता येणाऱ्या स्लोव्हेनियाच्या बुविझमध्ये बॅटरी आतच असते आणि वेगाच्या हौशीला तोच योग्य, पण लिथियम बॅटरीमुळे विमानाने मागवताना कुरिअरवाले खळखळ करतात. पॉवर फंक्शन्स जुन्या बाजारात अजून सापडतं. त्याचा इन्फ्रारेड रिमोट दिवाणखान्यात छान चालतो आणि गच्चीवर भर उन्हात मान टाकतो.

मुंबईत खरेदी हा वेगळा व्याप आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३मध्ये ७०, तेव्हा किमतीचा धक्का दुकानदाराने दिलेला नाही. मॉलमधल्या दुकानांत सेट असतात, सुटा हब आणि मोटरी सहसा नसतात. म्हणून हब आणि मोटरी काढून घेण्यासाठी अख्खा सेट घेणं परवडतं. २०१९चा ४२०९९ हा सेट मिळाला तर घ्या: ९५८ तुकडे, एक हब, दोन एक्सएल, एक एल. कोणी जुना विकत असेल तर तीनही मोटरी आणि हबचे चारही पोर्ट चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास नकली विटांचे ढीग दिसतात. १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्हाशिवाय खेळणी विकायला बंदी आहे, ते चिन्ह बघा. नकली बीम एकवेळ खपतील, नकली एक्सल आणि गिअर नकोत. तुकडे ठेवायला नागदेवी स्ट्रीटवरचे स्क्रूचे खणांचे डबे उत्तम.

चालवायला सोसायटीची गच्ची किंवा कंपाउंडमधले पेव्हर ब्लॉक पुरतात. शिवाजी पार्कच्या लाल मातीत गाडी पळते, पण घरी आल्यावर ब्रशने हब आणि जॉइंट झाडावे लागतात. चौपाटीच्या वाळूत नेऊ नका. ओली खारी वाळू गिअरांमध्ये शिरते आणि पॉलिश पेपरचं काम करते. जून ते सप्टेंबर गाडी कपाटात राहणार असेल तर सेल काढून ठेवा, दमट हवेत संपर्काच्या पट्ट्यांवर गंज चढतो.

चौथं पोर्ट रिकामं राहिलं तर त्यावर विंच (दोरी गुंडाळून गाडी ओढणारं रीळ) लावा. दोरीच्या रिळापाशी मात्र २४ दात्यांचा पांढरा क्लच गिअर हवाच. ठरावीक जोराच्या पुढे तो घसरतो, त्यामुळे आकडा झाडाच्या मुळाला अडकला तरी मोटर जाम होत नाही.