कोअरसायकलर: फुकट, दिसायला भिकार, पण गुन्हेगार कोअर बरोब्बर पकडून देतं

एएमडीच्या रायझन ५००० सिरीजच्या प्रोसेसरमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरला (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगला) हात लावला असेल तर हे टूल उतरवून घ्याच. खरं तर इथेच रिव्ह्यू संपतो, पण अजूनही बरेच जण सिनेबेंच (प्रोसेसरचा वेग मोजणारी टेस्ट) दहा मिनिटं चालवतात, स्कोअरचा फोटो ग्रुपवर टाकतात, आणि मग क्रोममध्ये नुसतं स्क्रोल करताना मशीन धाडकन रीस्टार्ट झालं की पॉवर सप्लायला शिव्या घालत बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझा सेटअप साधाच, सहा कोअरचा रायझन ५६००एक्स, बी५५० चिपसेटचा बोर्ड, एका पंख्याचा टॉवर कूलर. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला उणे ३० ते अधिक ३० असा आकडा देता येतो आणि एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे गेलात की व्होल्टेज कमी, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये जास्त क्लॉक, म्हणजे वेग, मिळतो. यूट्यूबवर सगळे सांगतात सरसकट उणे ३० टाका आणि मजा करा. टाकलं की सिनेबेंच पास होतंही, आणि खरी गोम तिथेच आहे.

सगळे कोअर एकदम राबायला लागले की ५६००एक्स त्याच्या ७६ वॅटच्या पीपीटी लिमिटला (एकूण वीज ओढायच्या मर्यादेला) जाऊन अडतो, त्यामुळे एकही कोअर त्याच्या सगळ्यात वरच्या क्लॉकला पोचतच नाही. तो वर जातो कधी, तर एकटा असताना आणि हलकं काम असताना, म्हणजे ब्राउजर उघडताना, एखादी फाइल अनझिप होताना. वरून २०० मेगाहर्ट्झचा बूस्ट ओव्हरराइड (कमाल क्लॉकची मर्यादा वर नेणारी सेटिंग) दिला असेल तर ४.८ गिगाहर्ट्झच्या पुढे उडी मारतो आणि नेमकं तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालतच नाही, कारण एकाच चिपमधला प्रत्येक कोअर वेगळा शिजलेला असतो, कुणाला उणे २५ आरामात झेपतं तर कुणी उणे १० लाच मान टाकतो.

कोअरसायकलर हेच तपासतं. पॉवरशेल स्क्रिप्ट आहे, गिटहबवरून झिप घ्यायची, उघडायची, आतली बॅच फाइल चालवायची, इन्स्टॉल वगैरे काही भानगड नाही. आतून प्राइम९५ चालतं, म्हणजे तेच १९९६ पासूनचं मर्सेन प्राइम (एका खास प्रकारच्या अविभाज्य संख्या) शोधणारं सॉफ्टवेअर. ते आपलं गणित आपणच तपासत असतं, चूक सापडली की 'राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं' अशा अर्थाची ओळ टाकून थांबतं. स्क्रिप्ट ते एका वेळी एकाच कोअरवर बसवते, ठरलेला वेळ झाला की पुढच्या कोअरवर. मोड डिफॉल्टला एसएसई (प्रोसेसरच्या हलक्या गणिती सूचना) असतो आणि तो तसाच ठेवा, एव्हीएक्स (जड सूचना) लावला तर उष्णता वाढते, क्लॉक खाली येतो आणि आपल्याला जे बघायचंय तेच राहून जातं. एरर आली की कोअरचा नंबर समोर, लॉगमध्येही नोंद, मग बायोसमध्ये जाऊन तेवढ्याच कोअरला चार-पाच पायऱ्या वर घ्यायचं. मोजणी शून्यापासून आहे हे लक्षात ठेवा, सहा कोअरमध्ये 'कोअर ५' म्हणजे शेवटचा.

बऱ्याचदा एरर यायच्या आधीच आख्खं मशीन रीस्टार्ट होतं. अशा वेळी टूलचा लॉग उघडून शेवटी कुठला कोअर चालू होता ते बघा, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद ठेवणारा) १८ नंबरची नोंद शोधा. त्यात 'कॅश हायरार्की एरर' आणि खाली एपीआयसी आयडी (चूक कुठे झाली ते सांगणारा थ्रेडचा नंबर) असतो. एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर त्या आयडीला २ ने भागायचं, म्हणजे ६ किंवा ७ दिसला तर कोअर ३. माझ्याकडे बहुतेक वेळा चिपचे सगळ्यात चांगले गणले जाणारे दोन कोअरच नापास व्हायचे, जे रायझन मास्टर हे एएमडीचं सॉफ्टवेअर चांदणी लावून दाखवतं. उलटं वाटेल, पण त्यांना आधीच सगळ्यात वरच्या क्लॉकला ताणलेलं असतं, खाली जायला जागा उरतेच कुठे. त्या दोघांना उणे ८ च्या आसपास ठेवलं आणि बाकीचे उणे २० वर, तेव्हा कुठे सगळं शांत झालं.

आता तक्रारी. वेळ खातं, जाम वेळ खातं. एका कोअरला सहा मिनिटं धरली तरी एक फेरी छत्तीस मिनिटांची, आणि एका फेरीने काहीच सिद्ध होत नाही, रात्रभर लावून झोपायचं. एकच कोअर चालू असल्यामुळे पंखा मात्र ओरडत नाही, घरचेही ओरडत नाहीत. दुसरं, सेटिंग सगळी टेक्स्ट फाइलमध्ये, बटणं-बिटणं नाहीत, नवख्याला बघूनच घाम फुटेल. प्रत्येक ओळीवर काय करायचं ते लिहिलंय पण वाचतं कोण? ज्यांना ते जमत नाही त्यांनी ओसीसीटी हे दुसरं टेस्टिंग सॉफ्टवेअर वापरा, त्यातही कोअर बदलत जाणारी टेस्ट आहे आणि दिसायला बरं आहे.

आणि हे टूल रॅमचा निकाल लावत नाही. ३६०० ची एक्सएमपी (रॅमचं जास्त वेगाचं तयार प्रोफाइल) चालू केली म्हणजे तेही ओव्हरक्लॉकिंगच झालं, त्यामुळे आधी सीपीयू स्टॉकवर (कंपनीच्या मूळ सेटिंगवर) ठेवून मेमटेस्ट८६ ही रॅमची टेस्ट पास करून घ्या, नाहीतर दोन गोष्टी एकदम बदलून कोण नापास झालं ते शोधत आयुष्य जाईल. व्हीआ-लॉगरमध्ये 'बस/इंटरकनेक्ट' दिसलं तर कोअरच्या मागे लागूच नका, इन्फिनिटी फॅब्रिकचा (चिपचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या दुव्याचा) क्लॉक आणि रॅम बघा. मशीन नुसतं बसलेलं असताना जे क्रॅश होतात तेही यात नेहमी सापडत नाहीत, त्यासाठी दोन-चार दिवस रोजचं काम करून बघणं हाच उपाय. नागपूर-अकोल्याकडच्या लोकांनी डिसेंबरमध्ये पास झालेली सेटिंग मे महिन्यात परत एकदा तपासावी, खोलीचंच तापमान चाळीसच्या घरात गेलं की गणित बदलतं.

एचडब्ल्यूइन्फो (क्लॉक, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) शेजारी उघडं ठेवून इफेक्टिव्ह, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा, क्लॉक बघा. टेस्टमधल्या कोअरचा दाखवलेला क्लॉक ४.८ आणि इफेक्टिव्ह त्यापेक्षा बराच कमी असेल तर चिप क्लॉक ताणून वेळ मारून नेतेय, एरर येत नाही पण परफॉर्मन्सही नाही.

इंटेलवर पण चालतं हे. फक्त १३व्या-१४व्या जनरेशनचे आय७, आय९ वाले असाल तर आधी बायोस अपडेट करून ०एक्स१२बी (0x12B) किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्रॅम) टाका, कारण तिथे वाढीव व्होल्टेजमुळे चिपच हळूहळू खराब व्हायचा प्रॉब्लेम इंटेलने २०२४ मध्ये स्वतः मान्य केलाय आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवलीय. स्टॉक सेटिंगलाच एरर येत असतील तर ट्यूनिंग करत बसू नका, सरळ क्लेम टाका.