मानचिन्हाचे बटण घ्यावे की नावाचे?

ब्रिटनमधील जुन्या ट्रामसेवांच्या गणवेशाची बटणे जमवू लागलेल्या माणसापुढे लवकरच एक निवड उभी राहते: शहराचे मानचिन्ह असलेले बटण घ्यावे, की सेवेचे नाव अक्षरांत असलेले?

मानचिन्हाचे बटण निःसंशय देखणे. ग्लासगोच्या चिन्हात झाड, पक्षी, मासा आणि घंटा आहेत, आणि एवढा ऐवज नाण्याएवढ्या गोलात उठवणाऱ्या ठसेकाराच्या कसबापुढे मान लवते. परंतु हे चिन्ह शहराचे आहे, ट्रामचे नव्हे. ते नगरपालिकेच्या इतर खात्यांतही वापरात असू शकते. त्यामुळे सोबत ‘ट्रामवेज’ हा शब्द नसेल, तर ते बटण कंडक्टरच्याच कोटावर होते असे केवळ चिन्हावरून म्हणता येत नाही.

नावाचे बटण दिसायला साधे, पण ते आपला काळ सांगते. १८७० च्या ट्रामवे कायद्याने स्थानिक संस्थांना २१ वर्षांनंतर खासगी कंपन्यांचे मार्ग विकत घेण्याची मुभा दिली आणि अनेक शहरांत कंपनीच्या जागी नगरपालिका आली. ग्लासगोत रूळ पहिल्यापासून नगरपालिकेचे होते. कंपनीचा भाडेपट्टा संपल्यावर नगरपालिकेने १ जुलै १८९४ पासून ट्राम स्वतः चालवली, ती सप्टेंबर १९६२ पर्यंत. लंडन काउंटी कौन्सिलच्या ट्राम १९३३ मध्ये नव्या वाहतूक मंडळाकडे गेल्या, म्हणजे त्या कौन्सिलच्या ट्रामसेवेचे नाव असलेले बटण त्याआधीच्या कारभाराचे ठरते.

नुसत्या आद्याक्षरांवर मात्र विसंबू नये. आपल्या ‘बेस्ट’चेच पाहा: ऑगस्ट १९४७ पूर्वी तिच्या नावातील शेवटचे अक्षर ‘ट्रामवेज’चे होते, नंतर ते ‘ट्रान्सपोर्ट’चे झाले, आणि आद्याक्षरे तीच राहिली. शिवाय ‘बेस्ट’ कंपनीच्या बस १९२६ पासूनच धावत होत्या, म्हणजे १९४७ पूर्वीचे बटणही ट्रामचेच असेल असे नाही.

एकच बटण घ्यायचे असेल, तर माझे मत पूर्ण नाव असलेल्या बटणाला आहे, मग त्याचा मुलामा उडालेला का असेना. दोन्ही प्रकारांत पाठ अवश्य पाहावी: कडी शाबूत आहे का, आणि तिच्याभोवती बर्मिंगहॅमच्या किंवा लंडनच्या कारखान्याचे नाव वाचता येते का. घरी आणल्यावर पितळेच्या भांड्यासारखे चिंचेने घासू नये. त्याने उठावाच्या कडा झिजतात आणि उरलासुरला मुलामाही जातो. मऊ, कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे आहे.