मास्टर सिलेंडर: किट टाकावं का नवाच बसवावा?

ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं आणि मिस्त्रीनं "मास्टर गेलाय" म्हणलं (मास्टर म्हणजे पायाचा जोर ऑइलच्या दाबानं चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा सिलेंडर) की पुढचा प्रश्न ठरलेला, किट, म्हणजे नुसता आतल्या रबरांचा संच, टाकू का नवा आणू? मी दोन्ही करून बसलोय, एकाच गाडीवर, वर्षाच्या आत. लातूरची गाडी, 2009 चं मॉडेल, पेट्रोल, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नाही, त्यामुळं माझं सांगणं अशाच जुन्या गाडीपुरतं धरा.

आधी मास्टरच गेलाय ना ते बघा. माझ्याकडं ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ, चाकापाशी एक थेंब नाही, पण शिवाजी चौकात सिग्नलला पाय ठेवून उभं राहिलं की पेडल हळूहळू खाली बसायचं. गंमत म्हणजे जोरात मारला तर ब्रेक ठणठणीत, हलकाच दाबून धरला की बसतंय. म्हणजे आतला रबरी वॉशर प्रेशर धरत नाही, ऑइल त्याच्या कडेनं मागं निसटतंय, बाहेर कुठं गळतच नाही म्हणून टाकीतली लेव्हल बघून काही कळत नाही. दुसरा प्रकार मागून गळायचा, त्यात ऑइल बूस्टरवर, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या मास्टरमागच्या डब्यावर, येतं आणि तिथल्या रंगाचे पोपडे निघतात. पेडल नुसतं स्पंजासारखं लागत असेल तर बहुतेक हवा असते, आधी ब्लीडिंग करून, म्हणजे पाईपातली हवा काढून, बघा, उगाच मास्टर खोलू नका.

मी पहिल्यांदा किटच टाकलं, कोण नाही टाकणार, 350 रुपयाचं किट आणि मजुरी. खोललं तर आतलं ऑइल काकवीसारखं काळं. ते माझंच पाप, सहा वर्षं बदललंच नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढत राहतं, म्हणजे नवं डॉट 3 (डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे) निदान 205 अंशापर्यंत उकळायला नको आणि पाणी धरल्यावर तीच हद्द 140 वर येते, डॉट 4 ची 230 आणि 155. आपल्याकडं मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट उतरताना चार माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं असलं की हा फरक पायाला कळतो. पण घाट रोज नसतो, पाणी मात्र रोज आत बसून धातू खातं. दर दोन वर्षाला ऑइल बदललं असतं तर हे लिहायची वेळ बहुतेक आली नसती.

तर किटचं सगळं गणित बोअरवर, म्हणजे पिस्टन सरकतो त्या सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, आहे. पिस्टन काढल्यावर आत उजेड टाकून बघायचं, बॅटरी धरायची, नखाला खाच लागली की किट विसरायचं. माझ्या बोअरला टोकाशी बारीक चट्टे होते, मिस्त्री म्हणला "पॉलिश पेपर मारतो, गुळगुळीत होतंय बघा", आणि मी पण हो म्हणलो. बिडाचा बोअर असता तर हलका हात चालून गेला असता. माझा ॲल्युमिनियमचा, त्याच्यावरचा कडक थर घासून गेला की नवं रबर किती दिवस टिकणार. एक मात्र त्यानं नीट केलं, रबर ब्रेक ऑइलनंच धुतलं. पेट्रोल नाहीतर इंजिन ऑइल लागलं तर ही रबरं फुगतात, टाकीकडं जाणारं बारीक छिद्र झाकलं जातं, मग ब्रेक सुटतच नाही आणि चाक तापतं.

चार महिने गाडी झकास. मग पुन्हा तेच, पण एवढं थोडं की मी स्वतःलाच समजावत राहिलो. थांबताना दोनदा पंप मारायची सवय कधी लागली मलाही कळलं नाही. एका रविवारी मेव्हण्यानं गाडी नेली, औसा रोडला रसवंतीसमोर लावली, इंजिन चालू, पाय ब्रेकवर हलकाच, आणि रस घ्यायला खिडकीतून हात बाहेर काढला तोवर गाडी सरकत जाऊन बाकड्याला टेकली. बाकड्यावर बसलेले आजोबा ग्लास सांभाळत उठले म्हणून बरं. नुकसान काही नाही, पण मला तेव्हा कळलं की ही गाडी फक्त माझ्याच पायाला थांबतीय. दुसऱ्याला चावी देताना "दोनदा दाब बरं का" सांगावं लागतंय, ह्याच्यापेक्षा वाईट दुरुस्ती कुठली? माझ्यासाठी फैसला तिथंच झाला.

मग नवा आणला, दोन हजाराच्या आतबाहेर पडला, तुमच्या गाडीला कमीजास्त होईल. पार्ट नंबर जुळवूनच घ्या, नुसतं "ह्या गाडीचा द्या" म्हणून नको. टाकी जुनीच बसते पण तिच्या खालची दोन रबरं नवी घ्या, मी पहिल्या दिवशी घेतली नाहीत आणि बूस्टरवर ओल दिसली. बसवायच्या आधी टेबलावरच पिस्टन दाबून हवा काढली तर चाकांवरचं ब्लीडिंग लवकर आटपतं. पाईपाचे नट साध्या पान्यानं गोल होतात, त्याचा वेगळा पाना येतो, तो नसलेल्या गॅरेजला मी तरी गाडी देणार नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

किटच्या बाजूनं पण बोलायला हवं. बोअर आरशासारखा असेल, किंवा गाडी इतकी जुनी की नवा मिळतच नाही, तर किटच बरं, आणि काहींचं वर्षानुवर्षं चालतं म्हणे. फक्त ब्लीडिंगला पोऱ्याला पेडल तळापर्यंत आपटू देऊ नका, पिस्टन एरवी जिथं जात नाही त्या गंजलेल्या भागावर रबर जाऊन फाटतं. भंगारातला काढलेला मास्टर मात्र फुकट दिला तरी नको, त्याच्या आत काय आहे ते बघायला पुन्हा खोलावंच लागतं.

नवा बसवून दीड वर्ष झालं, सिग्नलला पेडल जिथल्या तिथं. दोन पंप मी अजून मारतो, पाय ऐकत नाही. आणि मेव्हणा गाडी मागत नाही.