भाड्यातून कापलेला टीडीएस सरकारकडे पोहोचलाच नाही: लातूरच्या घरमालकाचा अनुभव

लातूरमध्ये वरचा मजला भाड्याने देऊन निवृत्तिवेतनाला जोड मिळवणारी माझ्यासारखी असंख्य कुटुंबे आहेत. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी नांदेड, बीड, परभणी, धाराशिव येथून दरवर्षी विद्यार्थी येतात आणि शिकवणी वर्गांच्या परिसरातील घरे वसतिगृह चालवणारे चालक एकगठ्ठा भाड्याने घेतात. अशाच एका चालकाच्या भागीदारी फर्मने जून 2023 पासून आमचे वरचे दोन मजले दरमहा 40,000 रुपये भाड्याने घेतले. पुढे त्यांनी केलेली फसवणूक इतकी शांतपणे आणि इतक्या कागदोपत्री पद्धतीने झाली की ती इतर घरमालकांपुढे तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते.

दर महिन्याला माझ्या खात्यात 36,000 रुपये जमा होत आणि सोबत छापील व्हाउचर येई: भाडे 40,000, टीडीएस 4,000, निव्वळ 36,000. टीडीएस म्हणजे भाडे देणाऱ्याने भाड्यातून कापून माझ्या नावावर सरकारकडे भरायचा आयकर. यात वरवर काहीच वावगे नव्हते. आयकर अधिनियम, 1961 च्या कलम 194-आय नुसार त्या वेळी वर्षाला 2,40,000 रुपयांहून अधिक भाडे देणाऱ्या फर्मने इमारतीच्या भाड्यावर 10 टक्के कर कापणे बंधनकारकच होते. अडचण पुढची होती. माझे निवृत्तिवेतन वर्षाला सुमारे पाच लाख रुपये आहे. त्या आर्थिक वर्षातील दहा महिन्यांच्या 4,00,000 रुपये भाड्यातून मी भरलेला 12,000 रुपये मालमत्ता कर, उरलेल्या रकमेवर 30 टक्के प्रमाणित वजावट आणि बांधकामाच्या कर्जावरील 1,90,000 रुपये व्याज वजा केल्यावर करपात्र रक्कम 81,600 रुपयेच राहत होती. (उन्हाळ्यात टँकरवर आणि बोअरच्या मोटारीवर होणारा खर्च लातूरकराला चुकत नाही, पण तो वेगळा वजा करता येत नाही, त्या 30 टक्क्यांतच सगळे आले.) निवृत्तिवेतनावरील 50,000 रुपयांची वजावट घेऊन एकूण उत्पन्न सात लाखांच्या बरेच खाली राहत असल्याने नव्या करप्रणालीत माझा कर शून्य होता.

म्हणूनच करार करतेवेळी मी त्यांना फॉर्म 15-एच भरून दिला होता. ज्याचे वय साठ वा त्याहून अधिक आहे आणि ज्याचा अंदाजित कर शून्य आहे, त्याने हा फॉर्म दिल्यास भाडेकरूने कर कापू नये, अशी सोय भाड्यासाठी 2016 पासून उपलब्ध आहे. चालकाने तो परत केला. "गुरुजी, आमच्या ऑडिटरला हे चालत नाही. आम्ही कापतो, भरतो, तुम्हाला सगळेच्या सगळे रिफंड मिळेल," असे त्यांचे उत्तर होते. असा फॉर्म स्वीकारला की तो कर कापणाऱ्याला स्वतःच्या टॅन क्रमांकाखाली (कर कापणाऱ्याला आयकर खाते देते तो ओळख क्रमांक) आयकर खात्याकडे सादर करावा लागतो. आणि या फर्मने टॅन क्रमांक घेतलेलाच नव्हता, हे नंतर उघड झाले. रिफंडचे आश्वासन हेच या फसवणुकीचे मुख्य साधन आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण रक्कम पुढे कधीतरी परत येणार आहे असे मानणारा माणूस ती आज कुठे आहे, हे विचारत नाही.

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत (मार्चचा 30 एप्रिलपर्यंत) सरकारकडे भरावा लागतो, तिमाही विवरणपत्र दाखल करावे लागते आणि त्यानंतर पंधरा दिवसांत कर कापून भरल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 16-ए, द्यावा लागतो. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीचा फॉर्म त्यामुळे 15 नोव्हेंबरपर्यंत हाती यायला हवा. तो आला नाही, आणि आयकर संकेतस्थळावरील माझ्या फॉर्म 26-एएस मध्येही (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) त्या फर्मची एकही नोंद नव्हती. मी लेखी विचारणा केल्यावर त्यांनी एक 16-ए आणून दिला. खरा 16-ए आयकर खात्याच्या ट्रेसेस या संकेतस्थळावरूनच उतरवून घेतला जातो आणि त्यावर त्याचा स्वतंत्र प्रमाणपत्र क्रमांक असतो. मला दिलेल्या कागदावर ट्रेसेसची कोणतीही खूण नव्हती आणि त्यावरचा टॅन क्रमांक संकेतस्थळावरील पडताळणीत भलत्याच आस्थापनेचा निघाला. हा हिशेबातला विलंब नसून बनावट दस्त आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

मी कपात थांबवण्याची मागणी केली, तेव्हा "मार्चनंतर सगळे एकदम भरतो" असे सांगण्यात आले आणि कपात चालूच राहिली. एप्रिल व मे 2024 चे भाडे त्यांनी दिले नाही. ते 80,000 रुपये अनामतीतून वळते करण्यास सांगून सुटीत सामान हलवले. माझ्या हातात अनामत उरू नये, अशी वेळ साधूनच हे केले गेले होते. त्याच गल्लीतील आणखी दोन घरमालकांचीही याच पद्धतीने कपात झालेली होती.

यानंतर कायद्याची एक बाजू समजली, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. कलम 205 असे सांगते की कर कापला गेला असेल तर तेवढ्या कराची मागणी पुन्हा उत्पन्न मिळवणाऱ्याकडून करता येत नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही 2015 आणि 2016 मध्ये अशा प्रकरणांत सक्तीने वसुली करू नये, असे अधिकाऱ्यांना कळवले आहे. ज्याच्या नावावर कराची मागणी निघते, त्या घरमालकाने संकेतस्थळावर ती अमान्य करून करार, बँकेचा उतारा आणि व्हाउचर जोडावीत. परंतु माझा कर शून्य होता, म्हणजे माझ्याकडे कोणी काही मागतच नव्हते. मलाच 40,000 रुपये परत हवे होते. भरल्याच न गेलेल्या कराचे श्रेय विवरणपत्रात आपोआप मिळत नाही, त्यामुळे विवरणपत्र तपासून आयकर खाते पाठवते ती कलम 143(1) ची सूचना रिफंड शून्य दाखवूनच आली. अल्प उत्पन्नाच्या, निवृत्त माणसाला कायद्याचे हे संरक्षण सर्वांत कमी उपयोगी पडते, ही गोष्ट मला फार अन्यायाची वाटते.

मी आयकर खात्याच्या टीडीएस विभागाकडे तक्रार केली आहे. कर कापून न भरणाऱ्यावर दरमहा दीड टक्का व्याज लागते आणि फौजदारी कारवाईचीही तरतूद आहे. बनावट प्रमाणपत्राबाबत पोलिसांत स्वतंत्र अर्ज दिला आहे आणि 40,000 रुपये थकीत भाडे म्हणून मागणारी नोटीस वकिलांमार्फत पाठवली आहे. करार केवळ बाँडवर नोटरी न करता दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला असल्याने भाड्याचा आकडा कोणालाही नाकारता आलेला नाही. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

1 एप्रिल 2025 पासून कपातीची मर्यादा वार्षिक 2,40,000 ऐवजी दरमहा 50,000 रुपये झाली आहे. त्यामुळे आज 40,000 रुपये भाड्यातून कोणी कलम 194-आय चे नाव सांगून कर कापत असेल, तर त्याला तसा अधिकारच नाही. वर दिलेले कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक 1961 च्या अधिनियमाखालील आहेत. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या 2025 च्या नव्या अधिनियमाखाली ते बदलले आहेत. नव्या भाडेकरूशी केलेल्या करारात त्याचा टॅन क्रमांक लिहून, पडताळून घेतला आहे, आणि कोणतीही कपात झाल्यास तिमाहीचे ट्रेसेसवरील प्रमाणपत्र मुदतीत न मिळाल्यास ती संपूर्ण रक्कम थकीत भाडे समजली जाईल व अनामतीतून वळती होणार नाही, असे कलम त्यात घातले आहे.